गेटच्या आत शहर, गेटबाहेर ग्रामपंचायत

दर एप्रिलमध्ये मला एकाच प्रकारचे फोन येतात. कधी पुतणीचा, कधी कोथरूडच्या जुन्या शेजाऱ्यांचा. "काकू, तुमच्याकडे फ्लॅट बघतोय. ग्रामपंचायत हद्द आहे, चालेल ना?" मी पुण्याच्या पूर्वेला, शहर संपून ज्वारीची रानं सुरू होतात त्या पट्ट्यातल्या एका टाउनशिपमध्ये नऊ वर्षं राहते आहे. आत लिफ्ट, बाग, किराणा दुकान, पोहण्याचा तलाव सगळं आहे. गेटबाहेर पाचव्या मिनिटाला मारुतीचं देऊळ आणि ग्रामपंचायतीची दोन खोल्यांची कचेरी. फोन करणाऱ्यांचे प्रश्न निराळे असले तरी त्यामागच्या समजुती त्याच त्या असतात. त्यातल्या बऱ्याच इथे येताना माझ्याही होत्या.

पहिली समजूत अशी की, एवढ्या इमारती झाल्या म्हणजे हे आता गाव राहिलं नाही, सरकारदरबारी शहरच असणार. जनगणनेची व्याख्या वाचली तर हे अर्धंच खरं निघतं. लोकसंख्या किमान 5,000, घनता दर चौरस किलोमीटरला किमान 400 आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, एवढं जमलं की जनगणना त्या गावाला नगर म्हणून मोजते. देशात 2001 मध्ये अशी 1,362 जनगणना-नगरं होती, 2011 मध्ये ती सुमारे 3,900 झाली. पण हे फक्त मोजणीपुरतं. कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो आणि महाराष्ट्रात तो 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. या कायद्यात सदस्यांची कमाल संख्या 17 आहे. गाव आठ हजारांचं असो की टाउनशिपांसकट लाखाच्या घरात गेलेलं, सतराच्या वर सदस्य होत नाहीत. महापालिकेत जी कामं वेगवेगळी खाती करतात, ती इथे हे सतरा जण, एक ग्रामसेवक आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे कर्मचारी करतात. (2024 पासून ग्रामसेवकाचं पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आहे. तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. गावात मात्र भाऊसाहेबच म्हणतात.)

आता पाणी. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे राहायचं की नाही हा निर्णय शेवटी पाण्यावरच ठरतो.

"सोसायटीची स्वतःची बोअर आहे" हे वाक्य विक्री कार्यालयात इतक्या खात्रीने सांगितलं जातं की ऐकणारा पुढे काही विचारतच नाही. शिवाय खोल गेलं की पाणी लागतंच, असं आपल्याला वाटत असतं. महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. वाळूत किंवा गाळात जसं पाणी सगळीकडे मुरून बसतं तसं या दगडात बसत नाही. वरचा झिजलेला मुरूम, त्याखालच्या भेगा आणि लाव्हारसाच्या एका थरावर दुसरा थर बसला तिथल्या सांधी, एवढ्याच त्याच्या जागा. त्या संपल्या की खाली सलग पाषाण. म्हणून शेजारच्या रानातल्या चाळीस फुटी विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं आणि सोसायटीने सहाशे फूट खणलेली बोअर फेब्रुवारीत हवा ओढते. दोघांचं पाणी बहुधा वरच्या त्याच भेगांमधलं असतं. सोसायटीची मोटर दिवसरात्र चालली तर विहीर लवकर बसते, हे त्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे गावाशी पहिलं भांडण झालं ते याच कारणाने. त्यात गाव बरोबर होतं.

त्यावर लोक म्हणतात, "मग ग्रामपंचायतीचा नळ घेऊ." गावची योजना किती माणसांसाठी आणि किती पाण्यासाठी आखलेली असते, ते बघायला हवं. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर हे माप धरलं आहे. शहरी योजनांचं माप 135 लिटर. टाउनशिपमध्ये येणारा माणूस 135 लिटरची सवय घेऊन 55 लिटरच्या गावात येतो. एक हजार फ्लॅट आणि घरटी चार माणसं धरली तर शहरी मापाने रोज 5,40,000 लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचे 54 टँकर, रोज. यात पडणारी तूट मे महिन्यात टँकरच्या रूपाने गेटवर उभी दिसते. टँकरचा खर्च देखभाल शुल्कात मिसळलेला असतो, म्हणून त्या शुल्काचा अंदाज घेताना कागदावरचा आकडा न बघता मागच्या मे महिन्याचं बिल मागावं. ते सोसायटीचे सचिव देतात. विक्री कार्यालयात मिळत नाही.

टँकरचं पाणी येतं कुठून, हा प्रश्न तर फारच थोडे लोक विचारतात. बहुतेक वेळा ते जवळच्याच एखाद्या विहिरीचं किंवा खाणीच्या खड्ड्यात साठलेलं असतं. पिण्याच्या पाण्यात ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. ते तपासायचं किट दोन-तीनशे रुपयांत मिळतं. आमच्या सोसायटीत ते चार वर्षं कुणी आणलं नव्हतं. मीही नाही.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतली शक्ती जाणारा हा आजार एरवी विरळा. रुग्णांची गर्दी तिथल्या नांदेड (मराठवाड्यातलं नव्हे), किरकटवाडी, धायरी या भागात होती. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. नांदेडला विहिरीचं पाणी क्लोरिन टाकून दिलं जात होतं. शुद्धीकरण केंद्रातून ते जात नव्हतं. धरण इतकं जवळ असूनही. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत किट आलं.

इथूनच आणखी एक गैरसमज निकालात निघतो. "दोन वर्षं कळ काढा, गाव महापालिकेत गेलं की सगळं येईल." नांदेड आणि किरकटवाडी 30 जून 2021 रोजीच महापालिकेत आली होती, वाघोलीसह घेतलेल्या 23 गावांमध्ये. त्याआधी ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं आली. क्षेत्रफळाने पुणे महापालिका मुंबईहूनही मोठी झाली. पण हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिनी, टाकी, शुद्धीकरण केंद्र आणि सांडपाण्याच्या नळ्या वाढायला वर्षं लागतात. मालमत्ता कर मात्र लवकर पोचतो. करावरूनची नाराजी इतकी झाली की 2017 मध्ये आत घेतलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2024 मध्ये महापालिकेतून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. तेव्हा आजच्या सोयींवर राहता येत असेल तरच घर घ्यावं. उद्याच्या हद्दवाढीच्या भरवशावर घेऊ नये, असं मी पुतणीला स्पष्ट सांगितलं.

कागदपत्रांबद्दलच्या समजुती आणखी महागात पडतात. "एनए आहे, काळजी नाही" ही त्यातली सगळ्यात पसरलेली. अकृषिक परवानगी म्हणजे जमिनीचा वापर शेतीबाहेरच्या कामाला करायला दिलेली मुभा. मालकी निर्वेध आहे का, आराखडा मंजूर आहे का, रस्ता कायदेशीर आहे का, यातलं काहीच ती सांगत नाही. दुसरी समजूत ग्रामपंचायतीच्या आठच्या उताऱ्याची. नमुना आठ ही घरपट्टीची आकारणी नोंदवही आहे. त्यात नाव असणं म्हणजे कर भरणारा कोण ते कळणं. मालकी त्याने सिद्ध होत नाही. तिसरी, "ग्रामपंचायतीने बांधकामाला परवानगी दिली आहे." गावठाणाबाहेर, प्राधिकरणाच्या हद्दीत आराखडे मंजूर करण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाकडे असतो. पुण्याभोवतीच्या शेकडो गावांसाठी 2015 पासून पीएमआरडीए हे प्राधिकरण आहे. अशा ठिकाणी सरपंचांच्या सहीचा ना-हरकत दाखला आराखड्याच्या मंजुरीची जागा घेऊ शकत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार गुंठ्यांचा. दहा अनोळखी माणसांची नावं एका सामायिक सातबाऱ्यावर चढवतात आणि प्रत्येकाला "तुमचा हा प्लॉट" म्हणून चुन्याच्या रेघा दाखवतात. 1947 पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. 2025 मध्ये शहरांभोवतीच्या जुन्या तुकड्यांना सवलती जाहीर झाल्या, आणि लगेच "आता सगळं खुलं झालं" असं सांगणारे एजंट दारात उभे राहिले. सवलत कोणत्या क्षेत्राला, कोणत्या तारखेपर्यंतच्या व्यवहाराला, हे वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय इसार देऊ नये. आणि प्लॉटिंगला रेरा लागत नाही, हेही चूक. कायद्यातल्या मर्यादेपेक्षा मोठ्या प्लॉटिंगला नोंदणी लागते.

हवेचं थोडक्यात सांगते. शेतं आहेत म्हणून हवा चांगली, हे गृहीत धरू नये. वाघोली-लोणीकंद पट्ट्यात दगडखाणी आणि क्रशर आहेत. इतरत्र वीटभट्ट्या असतात, उसाचं पाचट जाळतात. जागा बघायला सकाळी सातला आणि रात्री नऊला, असं दोनदा जावं.

दवाखान्याबाबत शहरी माणूस उलटी चूक करतो. मोठं खासगी रुग्णालय किती किलोमीटरवर, एवढंच तो विचारतो. प्राथमिक आरोग्य केंद्र त्याच्या हिशेबात नसतं. साधारण 30,000 लोकवस्तीमागे असं एक केंद्र धरलेलं असतं. रानालगत राहताना साप निघणारच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं आणि ते सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. जवळच्या छोट्या खासगी दवाखान्यात ते असेलच असं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या माळीदादांच्या मुलाला घोणस चावली. सोसायटीतले आम्ही शहरातल्या रुग्णालयाचा नंबर शोधत होतो, तोवर गावातल्या एका पोराने त्याला मोटरसायकलवर मधे बसवून आरोग्य केंद्रात नेलं होतं. मुलगा वाचला. साठा आहे ना, हे दर पावसाळ्याच्या तोंडाला फोन करून विचारायचं कामही मी त्या पोराकडूनच शिकले. 108 ची रुग्णवाहिका आहेच, पण तिला आपलं गेट सापडावं म्हणून गावातली खूण पाठ हवी. टाउनशिपचं इंग्रजी नाव रात्री दोनला उपयोगी पडत नाही.

शेवटची समजूत मला सर्वांत जास्त लागते. "आपण देखभाल शुल्क भरतो, ग्रामपंचायतीशी आपला काय संबंध?" गेटबाहेरचा रस्ता, त्यावरचे दिवे, ओढ्यात जाणारं सांडपाणी, कचऱ्याची गाडी रिकामी होते ती जागा, हे सगळं ग्रामपंचायतीच्या हद्दीतलं आहे. आपला कचरा गावाच्या गायरानात पडतो. ग्रामपंचायतीचा पैसा कुठून येतो तेही बघा. पंधराव्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 या काळातला निधी वाटताना लोकसंख्या धरली ती 2011 ची. आमच्या टाउनशिपच्या जागी तेव्हा हरभरा होता. म्हणजे आम्ही हजारो माणसं त्या हिशेबात नव्हतोच. उरते ती घरपट्टी आणि पाणीपट्टी. ती "सोयी नाहीत म्हणून" थकवणारे आमच्यातच सर्वांत जास्त निघाले. थकबाकीची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली तेव्हा मला मान वर करून वाचवेना.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्यात असं कायदा सांगतो. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला होतात. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. शंभर माणसांत लाखांचे ठराव होतात. तिथे बसायला मतदार यादीत नाव या गावचं हवं, आणि आमच्यातल्या बहुतेकांची नावं अजून कोथरूड, हडपसर, नाहीतर थेट नागपूर-नांदेडच्या यादीत होती. पत्ता बदलायला अर्ज क्रमांक 8 भरायचा असतो. मोबाइलवर वीस मिनिटांचं काम.

मी पहिल्यांदा ग्रामसभेला गेले तेव्हा भिंतीला टेकून गप्प बसले होते. समोरच्या आजींनी सरकून सतरंजीवर जागा दिली आणि विचारलं, "कोणाच्या गं तू?" मी टाउनशिपचं नाव सांगितलं. "म्हंजी दगडूच्या मळ्यातली," त्या म्हणाल्या आणि शेजारणीला तसंच सांगितलं. तेव्हापासून गावात मला त्याच नावाने ओळखतात. येत्या 2 ऑक्टोबरच्या सभेत विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा विषय आहे. आमच्या इमारतीतून नाव नोंदवून झालेले बारा जण आहेत, आणि किट मी घेऊन जाणार आहे.