वैद्यसभेत नव्या सभासदाने केव्हा बोलावे?

वैद्यसंघटनेत नव्याने दाखल झालेल्या सभासदाने सभेत लगेच आपले मत मांडावे, की काही काळ केवळ श्रवण करावे, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. ज्येष्ठांपैकी काहींचे म्हणणे असे की, आधी दोन-चार वर्षे बसावे, ऐकावे आणि मगच बोलावे. तरुण वैद्यांचे म्हणणे असे की, साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम झाला, वर्षभराची आंतरवासिता झाली, नोंदणी झाली. रुग्णाला औषध देण्याचा अधिकार कायद्याने दिला, तर सभेत बोलण्याचाच अधिकार तेवढा कमी का पडावा? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु हा प्रश्न केवळ मानापमानाचा नाही. त्याचा संबंध रुग्णाच्या हिताहिताशी येतो, आणि म्हणूनच त्याचा शास्त्रदृष्ट्या विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे भीमेकाठचे गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. अशा गावी नव्याने दवाखाना थाटणाऱ्या वैद्याची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. पुण्यातील वैद्याला एखाद्या रुग्णाविषयी शंका आली, तर तो सायंकाळी आपल्या गुरुजनांकडे जाऊन ती फेडून घेऊ शकतो. नदीकाठच्या गावातील वैद्याला ती सोय नाही. तीन महिन्यांनी भरणारी सभा हीच त्याची परिषद. समजा, त्याने भल्लातकाचा एक कल्प योजला आणि आठवडाभराने रुग्ण अंगावर खाज, पुरळ व सूज घेऊन परत आला. पुढील पंधरवड्यात दुसऱ्या रुग्णाचेही तेच झाले. दोष शोधनातील उणिवेचा, मात्रेचा, उन्हात राबण्याच्या अपथ्याचा, की रुग्णाच्या प्रकृतीचा, हे त्याला एकट्याने ठरविता येत नाही. सभेत सांगावे तर 'नवशिक्याला औषध देता आले नाही' असा शेरा पदरी पडण्याची भीती. न सांगावे तर त्याच बॅचचे औषध आणखी अनेक दवाखान्यांतून दिले जात राहणार. नव्या सभासदाने थांबावे की नाही, या प्रश्नाची खरी कसोटी येथे लागते.

संहितांचा अभिप्राय

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचा, म्हणजे एकाच विद्येच्या जाणकारांनी आपापसांत करावयाच्या चर्चेचा, विस्ताराने विचार आला आहे. अशा संभाषेमुळे ज्ञान वाढते, वाणीला धार येते, पूर्वी ऐकलेल्या विषयांतील संदेह फिटतात आणि पूर्वी न ऐकलेले काही ऐकावयास मिळते, असे आचार्य सांगतात. संभाषेचे दोन प्रकार त्यांनी केले आहेत. मित्रभावाने होते ती संधाय संभाषा आणि जिंकण्याच्या इच्छेने होते ती विगृह्य संभाषा. यांतील पहिल्या प्रकारात, समोरचा विद्वान, शांत व मत्सररहित असेल, तर निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे आणि त्याने विचारल्यास आपले म्हणणे स्पष्ट करून सांगावे, असा उपदेश आहे. पराभवाच्या भयाने बावरू नये आणि दुसऱ्याला निरुत्तर केले म्हणून हर्ष मानू नये, हेही तेथे बजावले आहे.

दुसऱ्या प्रकारात मात्र आचार्य बोलण्यापूर्वी थांबावयास लावतात. प्रतिवादी आपल्याहून श्रेष्ठ, कनिष्ठ की समान, हे आधी पारखावे. आपले स्वतःचे गुणदोष पारखावेत. आणि परिषद कशी आहे तेही पाहावे. परिषद ज्ञानवती असेल किंवा मूढ असेल. यांतील प्रत्येक परिषद सुहृद, उदासीन किंवा प्रतिनिविष्ट, म्हणजे आपल्याविषयी आधीच प्रतिकूल ग्रह करून बसलेली, असू शकेल. प्रतिनिविष्ट परिषदेत, ती ज्ञानवती असो की मूढ, वादात पडूच नये असे आचार्यांचे सांगणे आहे.

सूक्ष्मपणे पाहिल्यास येथे वयाची किंवा सभासदत्वाच्या वर्षांची अट कोठेही नाही. थांबावयाचे ते परीक्षणासाठी, आणि तेही वादापूर्वी. प्रश्न विचारण्यापूर्वी थांबावे असे चरक सांगत नाहीत. किंबहुना चरकसंहितेतील अध्यायच्या अध्याय अग्निवेशाच्या प्रश्नांवर उभे आहेत. शिष्याने विचारले आणि पुनर्वसू आत्रेयांनी उत्तर दिले, अशी त्या ग्रंथाची रचना आहे. अग्निवेश मौन धरून बसला असता, तर आपल्या हाती आलेल्या ग्रंथाचे रूप काही वेगळेच झाले असते.

मात्र तंत्र रचण्याच्या बाबतीत क्रम वेगळा दिसतो. अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणी हे सहा शिष्य आधी उपदेश ग्रहण करतात, नंतर आपापली तंत्रे रचतात आणि मग ती आत्रेयांसह ऋषींच्या समुदायापुढे ऐकवितात. ऋषींनी अनुमोदन दिल्यावर त्या तंत्रांना लोकांत प्रतिष्ठा मिळते. म्हणजे विचारण्यास विलंब नाही. सिद्धांत मांडण्यास मात्र अध्ययन आणि परिषदेचे अनुमोदन या दोन पायऱ्या आहेत.

सुश्रुतसंहितेनेही हाच विवेक राखला आहे. शस्त्रकर्म हाती घेण्यापूर्वी कोहळा, भोपळा, कमळाचे देठ, मृत पशूंच्या सिरा अशा वस्तूंवर योग्या, म्हणजे हाताचा सराव, करावयास सांगितला आहे. त्यापुढील अध्यायात व्यवसायात प्रवेश करणाऱ्या वैद्यासाठी अटी दिल्या आहेत. शास्त्राचे पठन, त्याच्या अर्थाचे आकलन, कर्माचे प्रत्यक्ष दर्शन, स्वहस्ते सराव आणि राजाची अनुज्ञा या त्या अटी होत. आणि त्यांतच शास्त्र दुसऱ्यास सांगता येणे हीही एक अट आहे. बोलणे हे अध्ययनाच्या पलीकडचे नव्हे, अध्ययनाचेच अंग मानलेले आहे. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा, हे दोघेही सुश्रुतांच्या मते एका पंखाच्या पक्ष्यासारखे अपुरे आहेत. सभेत वर्षानुवर्षे निव्वळ ऐकत राहिलेल्या वैद्याचा दुसरा पंखही असाच न वाढता राहण्याचा धोका आहे.

पुण्यातील एक उदाहरण

या विषयावर आपल्याच जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनातील एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्या समाजात येणाऱ्या नव्या सदस्यास पाच वर्षांच्या प्रशिक्षणातून जावे लागे. दक्षिण आफ्रिकेतील प्रदीर्घ लढ्यानंतर ९ जानेवारी १९१५ रोजी मोहनदास करमचंद गांधी मुंबईस उतरले, तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडूनही असाच एक नेम पाळून घेतला. वर्षभर देश हिंडून पाहावा आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असा तो नेम होता. वयाची पंचेचाळीस वर्षे उलटलेल्या, कारावास भोगलेल्या आणि जगभर नाव झालेल्या माणसाने तो मान्य केला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. तरीही गांधीजींनी दिलेला शब्द पाळला. फेब्रुवारी १९१६ मध्ये काशी येथील हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात ते बोलले, आणि त्या भाषणाने मोठी खळबळ उडाली.

परंतु या मौनाच्या वर्षातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्वदेशी परतल्यावर थोड्याच दिवसांत काठियावाडकडे जात असता, वढवाण येथे मोतीलाल नावाच्या एका शिंप्याने त्यांना विरमगाम येथील जकातनाक्यावर प्रवाशांना होणारा जाच सांगितला. मत न देण्याचा नेम आहे म्हणून गांधीजींनी त्याच्याकडे पाठ फिरविली नाही. त्यांनी माहिती जमविली, मुंबई सरकारशी पत्रव्यवहार केला आणि गव्हर्नरांची भेट घेऊन गाऱ्हाणे मांडले. १९१७ साली ती जकात उठली. देशाने कोणत्या मार्गाने जावे यावर ते त्या वर्षी बोलले नाहीत. लोकांना होणारा त्रास मात्र त्यांनी योग्य ठिकाणी तात्काळ कळविला. मत आणि वृत्त यांतील हा भेद आपल्या प्रश्नालाही लागू पडतो.

कळवावयाचे ते कशाच्या आधारावर, हे मात्र गोखल्यांच्याच चरित्रातून शिकावे. १८९७ साली ते वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. त्या वेळी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोजीर घरोघर शिरत होते. त्यांच्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी तेथील 'मँचेस्टर गार्डियन' पत्रात गंभीर आरोप केले. परत आल्यावर त्या आरोपांना सिद्ध करणारा पुरावा त्यांना उभा करता आला नाही आणि जाहीर माफी मागावी लागली. प्लेगच्या काळात लोकांनी सोसलेला जाच खोटा नव्हता. परंतु आधाराची जुळणी नसलेल्या विधानामुळे ज्यांची बाजू घ्यावयाची त्यांचीच बाजू दुबळी होते, हा त्यातील धडा आहे.

वैद्यांना व औषधालयांना याचा उपयोग

आता भल्लातकाच्या उदाहरणाकडे वळू. नव्या वैद्याने सभेत उठून 'अमुक औषधालयाचे शोधन सदोष आहे' असे म्हणणे हे मत झाले; त्यासाठी थांबावयास हवे. 'अमुक दिवशी, अमुक वयाच्या रुग्णास, अमुक मात्रेत हा कल्प दिला असता ही लक्षणे दिसली' असे म्हणणे हे वृत्त झाले, आणि ते सांगण्यास एक दिवसही थांबू नये. किंबहुना त्यासाठी तिमाही सभेचीही वाट पाहू नये.

आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधांच्या संशयित अपायांची नोंद घेण्याची राष्ट्रीय व्यवस्था आपल्या देशात २००८ साली सुरू झाली. पुढे आयुष मंत्रालयाने ती नव्याने उभी केली आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाकडे राष्ट्रीय समन्वयाचे काम दिले. तिच्या खालोखाल मध्यवर्ती व परिघीय केंद्रे आहेत. या व्यवस्थेत 'संशयित' हा शब्द मोलाचा आहे. अपाय औषधानेच झाला, हे कळविणाऱ्याने सिद्ध करावे अशी अपेक्षा नसते. कार्यकारणभाव ठरविण्याचे काम पुढील तज्ज्ञांचे आहे. नव्या वैद्याला येथे थांबण्याचे काहीच कारण उरत नाही.

वृत्त उपयोगी पडण्यासाठी त्यात काय असावे, हे ध्यानात ठेवावे. रुग्णाचे वय, लिंग व प्रकृती. कल्पाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक आणि निर्मितीचा दिनांक. मात्रा, अनुपान व काल. आहार व विहार. सोबत चालू असलेली इतर औषधे, विशेषतः मधुमेह, रक्तदाब इत्यादींसाठी घेतली जाणारी आधुनिक औषधे. लक्षण केव्हा दिसले आणि औषध बंद केल्यावर काय झाले. एवढे टिपलेले असावे. रुग्णाचे नाव सभेत उच्चारू नये. औषधाचे वेष्टन वा बाटली फेकू न देता जपून ठेवावी.

औषधालयाच्या चालकांनीही हे आपल्यावरील आक्रमण समजू नये. भल्लातक, वत्सनाभ यांसारखी द्रव्ये औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात येतात आणि ती असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे, हे आपण जाणताच. गावोगावच्या वैद्याकडून येणारे वृत्त हे त्या देखरेखीचेच फळ होय. तक्रारीची वही ठेवणे, संबंधित बॅचचा राखून ठेवलेला नमुना तपासणे आणि कळविणाऱ्यास लेखी उत्तर देणे, एवढे केल्यास सभेतील निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

ज्येष्ठांची जबाबदारी

नव्या सभासदाने थांबावे असे सांगणाऱ्यांवर दोन कर्तव्ये येतात. पहिले असे की, थांबण्याला मुदत व आशय असावा. गोखल्यांनी एका वर्षाची मर्यादा घातली आणि त्या वर्षात काय करावयाचे तेही सांगितले. 'आत्ता थांबा' एवढेच सांगून त्या काळात ज्येष्ठांच्या दवाखान्यात बसण्याची, रुग्णपत्रके वाचण्याची वा औषधनिर्मिती पाहण्याची सोय करून न देणे, याला शिक्षण म्हणता येणार नाही. आमच्या मते चार सभा, म्हणजे एक वर्ष, ही मर्यादा पुरेशी आहे. तेवढ्या काळात सिद्धांत, योगांची प्रशंसा आणि इतरांच्या चिकित्सेवरील टीका यांबाबत नव्या सभासदाने संयम पाळावा; त्यानंतर त्याने एक रुग्णवृत्त सभेपुढे वाचावे आणि ज्येष्ठांनी ते तपासावे.

दुसरे कर्तव्य परिषद सुहृद राखण्याचे. प्रश्न विचारणाऱ्याची थट्टा होते तेथे पुढच्या सभेत प्रश्न येत नाहीत, आणि प्रश्न आले नाहीत म्हणजे शंका फिटल्या असे होत नाही. बुद्धिमानाला सारे जगच गुरुस्थानी असते, हा चरकांचा विचार आहे. वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना ठाऊक असतात, असेही त्यांनी मोकळेपणाने म्हटले आहे. मेंढपाळाकडून शिकण्यात ज्या परंपरेला कमीपणा वाटला नाही, तिच्या अनुयायांना आपल्याच शास्त्राच्या तरुण पदवीधराचे ऐकण्यात कमीपणा वाटू नये.

सारांश, नव्या सभासदाने निर्णय देण्यास थांबावे, प्रश्न विचारण्यास थांबू नये, आणि अपाय कळविण्यास तर मुळीच थांबू नये. येत्या सभेपासून कामकाजाच्या आरंभी पंधरा मिनिटे नव्या सभासदांच्या शंकांसाठी व औषधविषयक वृत्तांसाठी राखून ठेवावीत, अशी सूचना आम्ही या निमित्ताने करीत आहोत. तीवर वैद्यबंधू-भगिनींनी तसेच औषधालयांच्या चालकांनी आपले अभिप्राय अवश्य कळवावेत.