सात कमानी आणि एक हरवलेले विमान

देरा भागातल्या विमानतळावरून मुंबईला निघालेले विमान अरबी समुद्राच्या मध्यावर येते, तेव्हा ते साधारण ६४ अंश पूर्व रेखांशावर असते. तिथून थेट दक्षिणेला, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, २०१४ साली इन्मारसॅट कंपनीचा एक उपग्रह होता. मलेशिया एअरलाइन्सच्या 'एमएच ३७०' या विमानाचा शेवटचा माग लागला तो याच उपग्रहामुळे.

८ मार्च २०१४ रोजी हे विमान २३९ जणांना घेऊन क्वालालंपूरहून बीजिंगला निघाले. त्यांत पाच भारतीय होते. पहाटे १.२१ ला ते नागरी रडारवरून आणि २.२२ ला लष्करी रडारवरून नाहीसे झाले. मात्र विमानातील उपग्रह संपर्क यंत्रणा सकाळपर्यंत अधूनमधून प्रतिसाद देत होती. त्या संदेशांत स्थानाचा उल्लेख नव्हता. होती फक्त वेळ आणि कंप्रता.

कड्यासमोर हाक मारली की प्रतिध्वनी यायला लागणाऱ्या वेळावरून कड्याचे अंतर कळते. तसेच संदेशाच्या जाण्यायेण्याच्या वेळावरून विमान उपग्रहापासून किती दूर आहे ते कळले. पण दिशा कळली नाही. त्या अंतरावरची सगळी ठिकाणे जोडली की पृथ्वीवर एक वर्तुळ होते. अशा सात वर्तुळांच्या कमानी मिळाल्या.

मग विमान उत्तरेला गेले की दक्षिणेला? गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढतो, दूर जाताना उतरतो. विमानातील यंत्रणा स्वतःच्या वेगामुळे होणारा असा बदल दुरुस्त करते, पण उपग्रह स्थिर आहे असे धरून. प्रत्यक्षात तो किंचित उत्तर-दक्षिण झुलत होता. त्यामुळे उरलेला कंप्रतेचा फरक दोन दिशांना वेगळा येतो. नोंदी जुळल्या त्या दक्षिणेच्या मार्गाशी.

सातवी कमान सकाळी ८.१९ ची. इंधन संपण्याचीही वेळ तीच. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर पंखाचा एक भाग सापडला. समुद्रतळाचा १,२०,००० चौरस किलोमीटर भाग धुंडाळून जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबला, विमान मिळाले नाही. कमानीवरचा नेमका बिंदू ठरवायला वेग आणि दिशा ठाऊक हवी. ती या नोंदींत नाही.

नातेवाइकांना मात्र बिंदूच हवा असतो. म्हणूनच नोव्हेंबर २०१८ पासून महासागरावरील मोठ्या प्रवासी विमानांचे स्थान दर १५ मिनिटांनी नोंदवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आला. वर्षातून दोनदा समुद्र ओलांडणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याचे मोल जाणावे.