शिकलगारांचे सतारमेकर

आडनावात धंदा असतो. पण धंदाच बुडाला तर? आमच्या कुपवाडशेजारच्या मिरजेत शिकलगार तलवारींना धार लावत, जिलई देत. अरबी 'सैकल' म्हणजे लखलखीत करणे, फारसी 'गर' म्हणजे करणारा. इंग्रजी अमलात हत्यारांचे काम आटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार तंबोरे दुरुस्त करता करता नवे घडवू लागले, असे सांगतात. मंगळवेढ्याकडचा भोपळा आला, लोखंडाला सरावलेला हात लाकडावर फिरला आणि घराण्याचे आडनाव झाले सतारमेकर! अर्धे फारसी, अर्धे इंग्रजी. (कवींना असा धंदा बदलता येत नाही, ही गोष्ट वेगळी.) 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगार आडनावाची माणसे आजही सांगली-साताऱ्यात भेटतात; कुणी शिक्षक, कुणी ड्रायव्हर, कुणी दुकानदार.