दामाजीपंतांचा दुष्काळ कोणत्या सालचा?

सोलापूर जिल्ह्यात ही कथा लहानपणीच कानावर पडते. दुष्काळात माणसे मरू लागली, तेव्हा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारे लोकांसाठी खुली केली. बादशहाचा कोप झाला, आणि विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून पावती घेऊन आला. चमत्कार बाजूला ठेवला तरी दुष्काळ उरतोच. तो कोणता?

दुर्गादेवीचा, असे बरेचजण म्हणतात. 1396 पासून तो बारा वर्षे चालला, अशी त्याची ख्याती. हा बाराचा आकडा मला खटकतो. जैन परंपरेत भद्रबाहूंच्या काळचा दुष्काळ बारा वर्षांचा, पुराणांतली अनावृष्टीही पुष्कळदा बारा वर्षांची. सोसवेना इतक्या लांबलेल्या काळाला लोक बारा वर्षे म्हणतात. दुसरी अडचण बिदरची. 1396 मध्ये बहामनी राजधानी गुलबर्ग्याला होती. ती बिदरला हलवली अहमदशहा वलीने, म्हणजे 1422 नंतर. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी दामाजीपंतांचा दुष्काळ 1460 चा धरला. इतिहासकार फेरिश्ता मात्र 1472-73 च्या सुमारास दख्खनमध्ये सलग दोन वर्षे पाऊस न पडल्याचे लिहितो. शिवाय ही कथा सांगणारा महिपतींचा ‘भक्तविजय’ 1762 चा. तीनशे वर्षांत बिदरचे नाव मागाहूनही चिकटलेले असेल.

2007 मध्ये आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी बस्तरच्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभाचे थर तपासले. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे सुमारे शंभर वर्षांत मोसमी पाऊस दशकानुदशके क्षीण राहिल्याचे त्यांत दिसले. दुर्गादेवीच्या आठवणीला त्याने बळ मिळते, दामाजीपंतांचे साल त्यातून निघत नाही.

दंतकथेतून तारीख कधी कधी निघतेही. अमेरिकेतल्या क्लॅमथ लोकांच्या कथेत डोंगर कोसळतो, आणि अभ्यासक तिची सांगड सुमारे 7,700 वर्षांपूर्वीच्या माझामा ज्वालामुखीशी घालतात. तो डोंगर एकदाच कोसळला. आपल्याकडे दुष्काळ पुन्हा पुन्हा येतो. 1876 आला, 1972 आला; प्रत्येक वेळी जुनी गोष्ट नव्याने सांगितली गेली असणार, आणि सांगताना आधीच्या दुष्काळांच्या सीमा पुसल्या गेल्या असणार. म्हणून दुष्काळाची दंतकथा तारखेसाठी वापरताना मी फार सावध असतो.

एक तपशील मात्र मला साक्षीसारखा वाटतो. माणसे उपाशी मरत होती, तेव्हा धान्य गावातच होते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात चांगल्या साली ज्वारी भरघोस येते, आणि कोरड्या पेवात ती वर्षानुवर्षे टिकते.