लॅपटॉप तापतो, पडदा लुकलुकतो : दोष नेमका कुठे?

घरून काम करणारी तरुण मंडळी आणि हिशेब लिहिणारे ज्येष्ठ, दोघेही हल्ली लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडतात. डोळ्यांना ते सोयीचे असते. पुढे मात्र लॅपटॉप तापू लागतो, पडदा लुकलुकतो आणि मदरबोर्ड बदलण्याची भाषा सुरू होते. एवढा खर्च करण्यापूर्वी थोडे थांबावे. ताळेबंद जुळत नसेल, तर आपण एकेक नोंद ताडून पाहतो. तोच न्याय येथेही लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा.

प्रथम उष्णतेचा विचार करू. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात. एक प्रोसेसरमधील, कमी वीज घेणारी. दुसरी स्वतंत्र आणि शक्तिशाली. बाहेरच्या मॉनिटरची जोडणी अनेकदा या दुसऱ्या चिपकडून येते. त्यामुळे साधे पत्र लिहितानाही ती जागी राहते व उष्णता वाढते. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी असते. परंतु लॅपटॉप गादीवर ठेवला किंवा त्याच्या जाळीत धूळ साचली, तर ती उष्णता आत कोंडते. काहींची गरम हवा कळफलकाच्या बाजूने निघते. असा लॅपटॉप झाकण मिटून वापरू नये. पंखा खोलीतलीच हवा ओढतो, हेही जळगाव-नागपूरच्या उन्हाळ्यात ध्यानी ठेवावे.

आता लुकलुकणे. फक्त बाहेरचा पडदा लुकलुकत असेल, तर संशय आधी केबलवर घ्यावा. फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख. म्हणजे चौपट माहिती त्याच तारेतून जाते. सेटिंग्जमधील डिस्प्ले विभागात रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवरून ३० वर आणून पाहावा. लुकलुक थांबली, तर केबल किंवा मधला अॅडॉप्टर बदलावा.

दोन्ही पडदे लुकलुकत असतील, तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तोही लुकलुकला, तर दोष बहुधा डिस्प्ले ड्रायव्हरचा. तो स्थिर राहिला, तर एखाद्या अॅपचा. लॅपटॉप तापल्यावरच लुकलुक सुरू होत असेल, तर मूळ उष्णतेतच शोधावे.

एका बाबतीत मात्र घरगुती प्रयोग नकोत. टचपॅड वर उचलला गेला किंवा तळ फुगला, तर बॅटरी फुगल्याची शक्यता असते आणि तीतून आग लागू शकते. चार्जर लगेच काढावा, लॅपटॉप बंद करावा, बॅटरी दाबू वा टोचू नये आणि अधिकृत सेवा केंद्र गाठावे.

इतर दुरुस्तीसाठी यंत्र देण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी आणि केलेल्या तपासण्या कागदावर लिहून न्याव्यात. अशी टिपणे हाती असली, की तंत्रज्ञाचा वेळ वाचतो आणि अनावश्यक भाग आपल्या बिलात चढत नाहीत.