खांदेमळणी आणि चार ओळींची वही

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकऱ्याच्या घरी खांदेमळणी असते. बैलाला अंघोळ घालतात आणि जू ज्या जागी बसते तो खांदा हळद-लोण्याने चोळतात. शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास हे सारे दुसऱ्या दिवशी. वर्षभर ओझे नेमके कुठे पडले हे मालकाला ठाऊक असते आणि त्याचा हात तिथेच जातो. आपण इंदूरकर शहरात राहतो. आपल्या बहुतेक मुलांचा पोळा मातीच्या बैलांचा. तरीही कृतज्ञतेवर लिहायला बसले तेव्हा मला पहिली आठवण खांदेमळणीची झाली.

‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड आठवी-नववीच्या मुलांनाही करता येईल. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आभार मानणे ही पुढची पायरी. आधी कोणी काय केले ते कळायला हवे.

आणि अडते तिथेच. मनाला चांगल्या गोष्टीची सवय फार लवकर होते. नवी सायकल आठ दिवस नवी असते, नवव्या दिवशी ती नुसती सायकल होते. उलट वर्गात कोणी चिडवले तर ते रात्री अंथरुणावरही आठवत राहते. रोजचा डबा वेळेवर मिळाला हे कोणाच्या लक्षात राहत नाही, विसरला तो एक दिवस मात्र राहतो. यात मुलांचा दोष नाही, आपणा मोठ्यांचेही तेच आहे.

अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांनी यावर केलेले प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या; दुसऱ्याने कटकटी लिहायच्या; तिसऱ्याने आठवड्यात काय घडले तेवढेच. दहा आठवड्यांनंतर पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळला. त्यांच्या तब्येतीच्या तक्रारीही कमी होत्या. पुढे २००८ साली जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी सहावी-सातवीच्या ११ वर्गांतील २२१ मुलांकडून दोन आठवडे असेच लेखन करून घेतले. कृतज्ञतेच्या नोंदी लिहिणाऱ्या मुलांचे शाळेविषयीचे समाधान वाढलेले दिसले. शिक्षिका म्हणून मला हे वाचून अर्थातच बरे वाटले!

मात्र हा काही रामबाण उपाय नव्हे. पुढे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले गेले, तेव्हा परिणाम आहे पण माफक आहे असे दिसले. खोल उदासीनता असेल, मूल जेवत-झोपत नसेल, तर वही देऊन भागणार नाही. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्यायलाच हवे. शिवाय रोज लिहिलेच पाहिजे असेही नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. बहुधा रोजच्या लिहिण्याचाही गृहपाठ होतो. आपल्याकडे तर नक्की होईल.

मी माझ्या वर्गात हा प्रयोग केला. शुक्रवारचा शेवटचा तास, साधी वही, चार ओळी. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळ्यांनी लिहिले, ‘आईवडील, गुरुजन आणि परमेश्वर यांचा मी ऋणी आहे.’ निबंधाच्या वहीतले वाक्य, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मग मी अट घातली: या आठवड्यातले, एकाच माणसाचे, एकच काम लिहायचे. एका मुलीने तीन शुक्रवार वही कोरी दिली. तिचे आजोबा दवाखान्यात होते आणि घरातले सगळे तिकडे, हे मला नंतर कळले. मी काही बोलले नाही. चौथ्या शुक्रवारी तिने लिहिले, ‘शेजारच्या काकूंनी रोज डबा दिला. भाजी तिखट होती, पण त्या माझ्याशेजारी बसायच्या.’ इतके खरे वाक्य त्या वहीत दुसरे नाही.

पालकांना एक विनंती. ‘त्या गरीब मुलांकडे बघ, त्यांना अन्न मिळत नाही आणि तू ताटात टाकतोस’ हे आपण सगळेच म्हणतो, मीही म्हटले आहे. त्याने मूल खाली मान घालून जेवते, पण त्याच्या मनात जाण नव्हे, अपराधीपणा येतो. त्याऐवजी भेंडी कोणी चिरली, मंडईतून कोणी आणली, एवढे बोलणे पुरते. तसेच ‘अभ्यास करतो म्हणजे उपकार करतोस का’ असे मुलांना विचारणाऱ्या घरात, मुलाने न सांगता पाणी भरले तर ते आपल्या तरी लक्षात येते का, हेही पाहावे.

आपल्या घरांत आईला ‘धन्यवाद’ म्हणणे परके वाटते हे खरे. शब्द तोच हवा असे नाही. ‘आज आमटी मस्त झालीय’ हेही चालते. पण संकोच असतोच. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली याच संकोचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होते की समोरच्याला अवघडल्यासारखे होईल. प्रत्यक्षात पत्र मिळालेली माणसे लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडली आणि खूप अधिक आनंदली.

सत्राच्या शेवटी मुलांनी एकेक पत्र लिहायचे ठरवले. तिघांनी शाळेतल्या मावशींना लिहिले. मावशींना वाचता येत नाही, म्हणून मधल्या सुट्टीत त्यांतल्या एकाने ते जिन्याजवळ उभे राहून वाचून दाखवले. पत्रात होते की शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही पाण्याची टाकी आत उतरून घासता, म्हणून सोमवारी पाण्याला वास येत नाही. मावशींनी ऐकून घेतले. आभाराबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘मी आत उतरते ते तुला कधी दिसलं रे?’