एनर्जी ऑडिटर निवडताय? आधी 'सर्टिफाइड' आणि 'अ‍ॅक्रेडिटेड' यातला फरक समजून घ्या

आजचा एपिसोड अशांसाठी, ज्यांचा घरचा कारखाना आहे किंवा जे एखाद्या प्लँटमध्ये नोकरीला आहेत आणि साहेबांनी सांगितलंय, "एनर्जी ऑडिट करायचंय, बघ कुणीतरी." हा 'कुणीतरी' नेमका कोण असावा, एवढंच आज बोलू.

आधी कायदा, थोडक्यात. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा. त्याखाली २००२मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, सुरू झालं. फ्रिज-एसीवर जे स्टार दिसतात ना, ते यांचेच. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त ऊर्जा वापरणारे उद्योग 'डेझिग्नेटेड कन्झ्युमर' ठरतात. त्यांना दर ३ वर्षांनी ऑडिट बंधनकारक आहे. नाही केलं तर १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मग आपण त्यात येतो का? इथे गडबड होते, कारण बरेच जण फक्त लाइट बिल बघतात. मर्यादा मोजतात ती टन ऑइल इक्विव्हॅलंटमध्ये, आणि त्यात कोळसा, डिझेल, गॅस सगळं धरतात. कापड उद्योगाला वर्षाला ३,००० टन ही मर्यादा आहे, सिमेंटला ३०,०००.

समजा, इचलकरंजीतलं एक प्रोसेस हाउस वर्षाला १.२ कोटी युनिट वीज वापरतं. एका युनिटचे ८६० किलोकॅलरी आणि १ टन ऑइल म्हणजे १ कोटी किलोकॅलरी. हिशोब येतो साधारण १,०३२ टन. मालक म्हणणार, आपण खूप खाली आहोत. पण बॉयलरमध्ये ५,००० टन कोळसा जळतो. किलोला ४,००० किलोकॅलरी धरले तर ते झाले २,००० टन. बेरीज ३,०३२. म्हणजे कायदा लागू!

आता मुख्य मुद्दा. बीईईची चार पेपरांची परीक्षा पास झालं की माणूस 'सर्टिफाइड' एनर्जी ऑडिटर होतो. 'अ‍ॅक्रेडिटेड' ही त्याच्या पुढची पायरी. त्यासाठी ऑडिटचा ५ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली किमान ३ वर्षं जास्त ऊर्जा लागणाऱ्या उद्योगातली, आणि मग बीईई मान्यता देते. बंधनकारक ऑडिट फक्त अ‍ॅक्रेडिटेड ऑडिटरनेच करायचं असतं. सर्टिफाइड माणसाने स्वस्तात केलेला रिपोर्ट उत्तम असेलही, पण कायद्यासाठी तो चालत नाही. पैसे पुन्हा भरावे लागतात. तुमचा कारखाना मर्यादेखाली असेल, तर मात्र चांगला सर्टिफाइड ऑडिटर पुरतो.

म्हणून कोटेशन मागायच्या आधी नाव आणि नोंदणी क्रमांक मागा, आणि बीईईच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या सर्टिफिकेटच्या फोटोवर जाऊ नका.

मग हे विचारा. आमच्यासारख्या प्लँटचं काम केलंय का? सिमेंटवाल्याला डाइंगमधली वाफ कळेलच असं नाही. साइटवर स्वतः किती दिवस येणार, की सही तुमची आणि काम ट्रेनीचं? पॉवर अ‍ॅनालायझर, फ्लू गॅस अ‍ॅनालायझर आणणार का, की आमचेच जुने आकडे कॉपी करणार? आणि जुना एखादा रिपोर्ट दाखवा, कंपनीचं नाव झाकून चालेल. त्यात प्रत्येक सुचवणीपुढे खर्च, बचत आणि पैसे किती महिन्यांत वसूल होतील, हे हवंच.

शेवटचं, 'फुकट ऑडिट'. व्हीएफडी किंवा पंप विकणारा फुकट ऑडिट करून देत असेल, तर रिपोर्टमध्ये उपाय काय निघणार, हे तुम्हीच ओळखा.

महाराष्ट्रात या कायद्याचं काम महाऊर्जा बघते, ऑफिस पुण्यात आहे. शंका असेल तर तिथे विचारा.

तर आज एकच काम करा. गेल्या वर्षाची वीज आणि इंधनाची बिलं काढा आणि बेरीज करा. आकडा आला की कोणता ऑडिटर हवा, ते आपोआप ठरेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!